वावरासाठी चाकू, कोयता आणि हातकुऱ्हाड: निवडीचा योग्य क्रम

आठवडी बाजारात कुऱ्हाड हातात घेतली की बहुतेक जण आधी अंगठा धारेवर फिरवतात आणि धार चांगली वाटली की पैसे मोजतात. हा क्रम उलटा आहे. धार घरी कानशीने अर्ध्या तासात लावता येते. पोलाद, त्याला दिलेलं पाणी (तापवून बुडवून आणलेला कडकपणा) आणि दांडा बसायचं नेढं मात्र घरी दुरुस्त होत नाही. म्हणून काम, वजन, पोलाद, नेढं, दांडा आणि सगळ्यात शेवटी धार, या क्रमाने बघा. खालचे टप्पे त्याच क्रमाने आहेत. मधला एखादा टप्पा गाळला तर पुढची मेहनत वाया जाते.

१. आधी काम ठरवा

घरात एकच जड कुऱ्हाड असते आणि तिच्याकडूनच सगळी कामं करून घेतली जातात. बोराटी तोडायलाही तीच आणि बांबू सोलायलाही तीच. कामानुसार हत्यार असं निवडा:

- बोराटी, घाणेरी, बेशरम, धुऱ्यावरची (बांधावरची) अंगठ्याएवढ्या जाडीपर्यंतची झुडपं: कोयता. टोकाला आत वळलेली चोच असेल तर काटेरी फांदी हात न लावता ओढता येते.
- बांबू तोडणं, फाडणं, कामट्या काढणं: पातळ, सरळ पात्याचा कोयता. कुऱ्हाडीची जाड पाचर बांबूला नको तिथे चिरते.
- मनगटाएवढ्या जाडीची बाभूळ, हिवर, सुबाभूळ, खुंट्या टोकदार करणं, चुलीसाठी फाटे तोडणं: हातकुऱ्हाड.
- मांडीएवढं लाकूड: लांब दांड्याची मोठी कुऱ्हाड. इथे हातकुऱ्हाड वापरू नका.
- दोरी, सुतळी, ठिबकची नळी, खताचं पोतं, फळ, भाजी: चाकू.
- सोयाबीन, गहू, गवत: विळा. दातेरी विळ्याला घरी धार लागत नाही. दात झिजले की तो बदलावा लागतो.

संत्र्याच्या बागेत सल (वाळलेल्या फांद्या) काढायला कुऱ्हाड किंवा कोयता नेऊ नका. घावाने साल फाटते आणि फाटलेल्या सालीतून रोग शिरतो. तिथे सिकेटर (छाटणीची कात्री) आणि छाटणीची करवतच हवी. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाताना पातं सोडियम हायपोक्लोराइटच्या १ ते २ टक्के द्रावणात बुडवून घ्या. कापावर बोर्डो पेस्ट लावा: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. काम संपल्यावर पातं साध्या पाण्याने धुऊन कोरडं करा, नाहीतर त्या द्रावणानेच ते गंजतं.

तपासा: पुढच्या वर्षभरात जे काम सगळ्यात जास्त वेळा पडणार आहे, त्यासाठीचं हत्यार आधी घ्या. बहुतेक कोरडवाहू शेतकऱ्यांना चांगला कोयता आणि साधा चाकू यांची गरज हातकुऱ्हाडीआधी असते.

२. वजन आणि माप

हातकुऱ्हाडीचं नुसतं पातं ५०० ते ७०० ग्रॅम आणि दांडा १२ ते १६ इंच हवा. एक किलोच्या पात्याला १४ इंचांचा दांडा लावलेली कुऱ्हाड बाजारात सर्रास मिळते. ती घेऊ नका. ती एका हाताने आवरत नाही आणि दोन हातांना तिच्यावर जागा नसते. दोन हातांनी चालवायची मधली कुऱ्हाड हवी असेल तर पातं ८०० ते १००० ग्रॅम आणि दांडा १८ ते २४ इंच ठेवा.

कोयत्याचं पातं १० ते १२ इंच लांब, पाठीकडे ४ ते ५ मिलिमीटर जाड आणि धारेकडे निमुळतं होत गेलेलं असावं. चाकूचं पातं ४ ते ५ इंच, पाठीची जाडी अडीच ते साडेतीन मिलिमीटर. यापेक्षा जाड चाकू दणकट दिसतो, पण कांदा कापताना कांदा फुटतो आणि दोरीवर दुप्पट जोर लागतो.

तपासा: दांड्याच्या टोकाला धरून हात खांद्याच्या रेषेत सरळ पुढे करा आणि सावकाश तीसपर्यंत मोजा. त्याआधी मनगट खाली झुकलं तर ते वजन तुमच्यासाठी जास्त आहे. दिवसाच्या शेवटी, हात थकल्यावर घाव चुकतात. त्या वेळचा हात धरूनच वजन ठरवा.

३. पोलाद आणि पाणी

निवड खरी इथे होते, त्यामुळे या टप्प्यावर वेळ घालवा.

गावाकडच्या लोहाराचं चांगलं हत्यार बहुधा ट्रकच्या कमानपाट्याचं (स्प्रिंगच्या पट्टीचं) असतं. त्या पोलादात कार्बन साधारण ०.५ ते ०.६ टक्के असतो, म्हणून पाणी दिल्यावर ते कडक होतं. सळई किंवा साध्या लोखंडी पट्टीत कार्बन फारच कमी असतो. तिला कितीही वेळा तापवून बुडवा, ती कडक होणार नाही. रंग देऊन, घासून, चकचकीत करून दोन्ही एकसारखी दिसतात.

ओळखायला खिशात नवी, बारीक दाताची कानस न्या. दुकानदाराला विचारून धारेलगत एकदा हलकेच फिरवा:

- कानस लोण्यात गेल्यासारखी रुतली: लोखंड मऊ आहे. धार वळेल. घेऊ नका.
- कानस काचेवरून घसरावी तशी घसरली: कुऱ्हाडीसाठी फार कडक. बाभळीच्या गाठीवर टवका उडेल. चाकूला मात्र एवढा कडकपणा थोडाफार चालतो.
- कानस थोडी अडत, थोडी खात गेली: कुऱ्हाडीसाठी आणि कोयत्यासाठी हेच हवं.

हीच कानस माथ्याकडे, नेढ्याजवळ फिरवा. तिथे ती सहज खायला हवी. कडकपणा फक्त धारेमागच्या एक-दीड इंचात हवा. नेढंही कडक असेल तर ते धक्क्याने तडकतं.

काही कुऱ्हाडी साध्या लोखंडाच्या असतात आणि धारेच्या जागी पोलादाची पट्टी भट्टीत जोडलेली असते. ही पद्धत चांगली आहे. जोडाची रेषा दोन्ही बाजूंनी नखाने चाचपा. नख अडकलं तर जोड उघडा आहे. जुनी कुऱ्हाड घेत असाल तर पोलाद किती शिल्लक आहे ते बघा. वर्षानुवर्षं घासून ती पट्टी संपलेली असते आणि उरतं ते नुसतं लोखंड.

लोहाराकडून करून घेत असाल तर या गोष्टी आधी बोलून घ्या:

१. जुन्या कमानपाट्याचा मधला, बोल्टच्या भोकाजवळचा तुकडा नको. तिथे डोळ्याला न दिसणारे तडे असू शकतात. टोकाकडचा तुकडा घ्या.
२. पाणी द्यायच्या वेळी पातं चुंबकाला चिकटेनासं होईपर्यंतच तापवायचं. पांढरट होईपर्यंत तापवलं तर पोलाद ठिसूळ होतं.
३. कमानपाट्याचं पोलाद पाण्यात नाही, तेलात बुडवायचं. थंड पाण्यात ते तडकण्याचा धोका मोठा. पाणी देणं हा शब्द रूढ आहे म्हणून बादली पुढे येते. तुम्ही तेलाचा डबा सोबत न्या.
४. बुडवून झाल्यावर पातं पुन्हा मंद तापवून ताण उतरवायचा. घासून उजळ केलेल्या पात्यावर रंग चढताना दिसतो. चाकूला गडद पिवळा रंग आला की थांबा, कुऱ्हाडीला जांभळट आला की थांबा.

चौथी पायरी गाळली तर हत्यार पहिल्याच आठवड्यात तुटतं. घाईच्या हंगामात नेमकी तीच गाळली जाते, म्हणून शक्यतो समोर उभं राहून करून घ्या.

स्टेनलेसचा चाकू पावसाळ्यात आणि फळं कापायला सोयीचा. डाग पडत नाहीत, गंज कमी. साध्या पोलादाची धार घरच्या दगडावर लवकर लागते, पण लिंबू-संत्र्याच्या रसाने ते काळं पडतं. काळं पडण्याने बिघडत काही नाही. लाल गंज मात्र वेळीच काढा.

४. नेढं आणि मुठीतलं शेपूट

कुऱ्हाड दांड्याशिवाय विकत घेणं उत्तम, कारण नेढं आरपार बघता येतं. दोन प्रकार मिळतात. गोल नेढ्याच्या कुऱ्हाडीत दांडा वरून घालतात. त्याचं जाड टोक वर राहतं, त्यामुळे फिरवताना पातं आणखी घट्ट बसतं. लांबट नेढ्यात दांडा खालून घालून वरून पाचर ठोकतात. दोन्ही चांगले; मात्र एकाचा दांडा दुसऱ्यात ठोकून बसवू नका.

तपासा:
- नेढ्यातून डोळा लावून बघा. नेढ्याचा मध्य आणि धार एका रेषेत हवी. धार एका बाजूला गेली असेल तर प्रत्येक घाव तिरपा पडेल.
- नेढ्याच्या भिंती दोन्ही बाजूंना सारख्या जाड हव्यात.
- पातं सुतळीला टांगून दगडाने हलकं वाजवा. स्वच्छ, लांबणारा आवाज चांगला. भद्द आवाज आला तर तडा शोधा.

चाकूत पात्याचं शेपूट (मुठीत जाणारा भाग) मुठीच्या शेवटापर्यंत आरपार गेलेलं आणि दोन-तीन रिव्हेटांनी पक्कं केलेलं हवं. दीड इंचाचं शेपूट प्लॅस्टिकच्या मुठीत चिकटवलेला चाकू स्वयंपाकघरात चालेल, वावरात नाही. मूठ चार बोटं पूर्ण बसतील एवढी, म्हणजे साडेचार इंचांच्या आसपास असावी. ओला हात पुढे घसरू नये म्हणून पात्याजवळ मुठीला उंचवटा हवा. घडीचा चाकू घेतलात तर लॉक असलेलाच घ्या. लॉक नसलेलं पातं जोर लावताना बोटांवरच मिटतं.

५. दांडा निवडणं आणि वाळवणं

विदर्भात पातं उडण्याचं मोठं कारण हवा आहे. श्रावणातल्या दमट हवेत घट्ट बसवलेला दांडा मे महिन्यात, पारा ४५ अंशांवर गेला की आकसतो आणि पातं खुळखुळायला लागतं. म्हणून दांडा होळीनंतरच्या कोरड्या दिवसांत बसवा. पावसाळ्यात तो थोडा फुगेल, म्हणजे अधिकच घट्ट होईल.

लाकडं: धावडा, धामण, तिवस, बाभूळ. धावडा आणि धामण धक्का पचवतात, मोठ्या कुऱ्हाडीला उत्तम. हातकुऱ्हाडीला बाभूळ पुरते आणि धुऱ्यावर मिळते. सागवान दाराला आणि खाटेला चांगलं. दांड्याला नको, धक्क्याने ते रेषेत चिरतं. पळस, सावर, कडुनिंबाची कोवळी फांदी यांचा दांडा टिकत नाही. जंगलातून दांडा तोडून आणू नका, तो वनगुन्हा होतो. धावडा हवा असेल तर सुताराकडून किंवा लाकडाच्या वखारीतून घ्या.

क्रम असा:

१. चार-पाच इंच व्यासाचा सरळ, बिनगाठीचा ओंडका घ्या. अख्खी बारीक फांदी दांडा म्हणून वापरू नका. तिच्या मधोमध गाभा असतो आणि वाळताना तिथूनच चीर पडते.
२. ओंडका करवतीने न कापता पाचरीने उभा फाडा आणि चार फाका करा. फाडलेल्या लाकडात रेषा टोकापासून टोकापर्यंत अखंड राहतात.
३. साल लगेच सोला. बाभळीला सालीखाली भुंगेरे लागतात.
४. दोन्ही टोकांना ऑइल पेंट लावा. टोकं आधी वाळली तर फुटतात.
५. सावलीत, जमिनीपासून उचलून, किमान तीन-चार महिने ठेवा. उन्हात किंवा चुलीवर वाळवायची घाई नको.

तपासा: दर आठवड्याला फाक किराणा काट्यावर तोला. सलग तीन वेळा वजन तेच आलं की वाळलं.

दांडा तयार झाल्यावर त्याच्या टोकाकडे बघा. वाढीच्या रेषा धारेच्या दिशेने, म्हणजे पुढून मागे गेलेल्या हव्यात. त्या आडव्या असतील तर दांडा लवकर मोडतो. बाजूने बघताना रेषा मध्येच दांड्याबाहेर निघून जात असतील तर तो दांडा चुलीत घाला.

६. दांडा बसवणं

हे लांबट नेढ्यासाठी.

१. दांड्याचं डोकं वाकसाने (लाकूड तासायच्या हत्याराने) आणि कानशीने नेढ्याच्या आकाराचं करा. एकदम बारीक करू नका. पातं घाला, काढा, जिथे काळा डाग पडला तिथेच घासा, पुन्हा घाला. हे दहा-बारा वेळा करावं लागतं आणि लागू द्या.
२. डोक्यात करवतीने उभी खाच पाडा. खोली नेढ्याच्या दोन-तृतीयांश.
३. पातं घालून कुऱ्हाड उलटी धरा, पातं खाली लोंबकळू द्या आणि दांड्याच्या शेवटावर लाकडी मोगरीने ठोका. पातं आपोआप वर चढतं. पात्यावर हातोडा मारू नका.
४. कडक, पूर्ण वाळलेल्या लाकडाची पाचर ठोका. आवाज भरीव झाला की थांबा.
५. डोकं नेढ्याच्या वर ३ ते ५ मिलिमीटर राहू द्या. ते थोडं पसरतं आणि पातं अडवतं.
६. काचेच्या तुकड्याने दांडा खरवडून गुळगुळीत करा. वॉर्निश लावू नका, तळहाताला फोड येतात. जवसाचं तेल चोळा: पहिल्या दिवशी एक हात, मग दोन-तीन दिवसांच्या अंतराने आणखी दोन. जवसाचं तेल वाळून लाकडात बसतं. शेंगदाण्याचं किंवा खोबरेल वाळत नाही.

सावध: जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सुटते आणि चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

नेहमीची चूक: पातं सैल झालं की कुऱ्हाड रात्रभर पाण्यात ठेवणं. लाकूड फुगतं, नेढ्यात चेपलं जातं आणि वाळल्यावर आधीपेक्षा जास्त सैल होतं. खिळे ठोकणंही तसंच, त्याने डोकं फुटतं. पाचर काढून जाड पाचर घालणं हाच उपाय.

७. धार

कुऱ्हाडीच्या दोन्ही बाजूंचा मिळून कोन २५ ते ३० अंश, नुसती लाकडं फोडायची असतील तर ३० ते ३५. कोयता ३०च्या आसपास, चाकू ३० ते ४०. कुऱ्हाडीच्या गालाला (धारेमागच्या बाजूला) किंचित पोट, म्हणजे फुगवटा, ठेवा. सपाट गाल लाकडात रुतून बसतो.

१. पातं शिकंज्यात किंवा ओंडक्यावर पक्कं बांधा. जाड हातमोजे घाला, कानशीला मूठ असलीच पाहिजे.
२. दहा इंची कानस एकाच दिशेने ढकला. परत आणताना उचला.
३. एका बाजूला घासत असताना दुसऱ्या बाजूला बारीक किनार उठते. ती टाचेपासून टोकापर्यंत सलग लागली की बाजू बदला.
४. मग निसण्यावर (धार लावायच्या दगडावर) पाणी टाकून गोल गोल फिरवा, किनार जाईपर्यंत.
५. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर धार मागे ओढत आठ-दहा वेळा फिरवा.

सावध: बाजारातल्या विजेच्या ग्राइंडरवर धार निळी पडली की तिथलं पाणी उतरलं. तेवढा भाग मऊ झाला आणि तो घासून काढेपर्यंत धार टिकणार नाही. ग्राइंडर वापरावाच लागला तर पातं उघड्या बोटांनी धरा आणि बोटाला चटका बसायच्या आत पाण्यात बुडवा. डोळ्यांना चष्मा हवाच.

८. पहिली कसोटी

घेतल्याच्या दिवशीच दोन इंच जाडीच्या वाळक्या बाभळीवर तीसेक घाव घाला. नंतर धार उन्हात डोळ्यांसमोर धरा. चांगली धार दिसतच नाही. चमकती रेष दिसली तर धार वळली, पोलाद मऊ आहे. दाते पडले तर फार कडक आहे. एखाद-दोन बारीक दाते कोन थोडा वाढवल्यावर थांबतात. रांग असेल तर लोहाराकडे नेऊन ताण पुन्हा उतरवून घ्या. पातंही बघा: डोक्यावर किंचितही सरकलं असेल तर सहावा टप्पा पुन्हा.

९. चालवताना

मोठ्या कुऱ्हाडीचा घाव चुकला तर ती जमिनीत जाते. हातकुऱ्हाडीचा दांडा आखूड, म्हणून तिचा चुकलेला घाव गुडघ्यावर किंवा नडगीवर येतो. हातकुऱ्हाडीने काम गुडघे टेकून, समोर ठोकळा ठेवून करा. घाव ठोकळ्याच्या पलीकडच्या कडेला पडू द्या, म्हणजे चुकला तरी ठोकळा मध्ये येतो. पडलेल्या खोडाच्या फांद्या तोडताना खोड तुमच्या आणि फांदीच्या मध्ये ठेवा.

हात आणि हत्यार मिळून जेवढी लांबी, तिच्या दुप्पट अंतरात कोणी नको, विशेषतः पोरं. डोक्यावरच्या फांद्या आणि वेली आधी बघा. दांडा वर अडकला की घाव कुठेही वळतो. धुऱ्यावरचे पालापाचोळ्याचे ढीग हाताने उपसू नका, काठीने हलवा. घोणस तिथेच बसते. आणि माथ्याने लोखंडी घण-खुंटी ठोकू नका, नेढं पसरतं.

कापलंच तर स्वच्छ कापड दाबून धरा, सतत, किमान दहा मिनिटं, मध्येच उघडून न बघता. हळद, चुना, माती भरू नका. रक्त थांबत नसेल तर १०८ ला फोन करा. जखम लहान असली तरी प्राथमिक आरोग्य केंद्रात धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा.

१०. नेआण आणि ठेवणं

पात्याला म्यान हवंच. ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा किंवा जाड ठिबक नळी उभी चिरून धारेवर चढवली तरी चालते. एस.टी.त किंवा बाजारात नेताना पातं कापडात बांधून पिशवीत ठेवा. शेतीची अवजारं शस्त्र कायद्यात वेगळी धरली आहेत, पण ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचं, शेतीचं नसलेलं हत्यार परवान्याच्या नियमांत येऊ शकतं. जमावबंदीचे आदेश लागू असताना कोयता-कुऱ्हाड घेऊन गावात फिरू नका. ताडोबा, मेळघाट, पेंच, नागझिरा, टिपेश्वर अशा संरक्षित क्षेत्रात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे परवानगीशिवाय हत्यार नेता येत नाही, आणि त्या व्याख्येत चाकूही येतो.

पावसाळ्यात चामडी म्यानात पातं ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि पातं आतून गंजतं. अन्न कापायच्या चाकूला खोबरेल, बाकीच्यांना मशीनचं तेल पुसा. कोयता-कुऱ्हाड चुलीच्या वर टांगू नका. दांडा फार कोरडा होऊन आकसतो. दार-भिंतीच्या सावलीत, जमिनीपासून दोन फूट वर, धार भिंतीकडे करून टांगा. दर अमावास्येला पातं हलवून बघायची सवय लावा, आणि किंचित हललं तरी त्या दिवशी ती कुऱ्हाड वावरात नेऊ नका.